बाबांचा नववा नियम

उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या व्रताच्या दिवसासाठी बुद्धांनी आठ नियम सांगितले. नववा आमच्या बाबांनी घातला. हिंसा नको, चोरी नको, खोटं बोलणं नको, दुपारनंतर जेवण नको, उंच पलंगावर झोपणं नको, असं सगळं त्या आठांत येतं. नववा असा की पौर्णिमेच्या सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. ज्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला ते जाऊन आले होते तिथे मौन होतं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की कपड्यांच्या पिशवीबरोबर ते मौनही त्यांनी आमच्या गावी, दिघोरीला आणलं. शिबिरात मात्र काही दुखलंखुपलं तर सेवकाला सांगता यायचं, शिकवणाऱ्यांना विचारता यायचं. तेवढं आणायचं राहिलं. सांगण्यासारखं एवढंच आहे, पण नीट सांगायचं तर घरापासून सुरुवात करावी लागेल.

बाबा लाखांदूरच्या एका शाळेत चपराशी होते. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळच्या एसटीनं यायचे. तलावाखाली आमची दीड एकर धानाची जमीन होती, ती माय सांभाळायची आणि उरलेल्या वेळात बिड्या वळायची. आमच्या घराचा आवाज म्हणजे तिच्या कात्रीचा आवाज. ओल्या फडक्यातलं तेंदूचं पान काढायचं, पत्र्याचं माप वर ठेवायचं आणि कच, कच, कच, कच करून चारी बाजू कापायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दातात दोरा. धाकटी बहीण करुणा आणि मी तिच्यासमोर बसून बिड्यांची तोंडं मुडपायचो. करूची बोटं बारीक, त्यामुळे तिच्या बिड्या माझ्यापेक्षा सुबक व्हायच्या. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की मायची कात्री थांबायची. शाळेत दिवसभर ज्यानं त्यानं हाक मारून दमवलेला माणूस घरी काय रूप घेऊन येईल याचा नेम नसायचा. भात गार झाला म्हणून ताट भिंतीवर जायचं. एकदा लाखोरीची डाळ भिंतीवरून ओघळत खाली आली होती आणि ती पुसताना मायनं आम्हाला डोळ्यांनीच बजावलं होतं की रडायचं नाही. माझ्या लहानपणात मौन पहिल्यांदा आलं ते असं, बाबा शिबिराला जायच्या कितीतरी आधी.

विहारातल्या मंडळींनी त्यांना शिबिराला पाठवलं. पाठवलं म्हणजे जवळजवळ ढकललंच. दहा दिवस घरात सण असल्यासारखं होतं. अकराव्या दिवशी हॉर्न वाजला, कात्री थांबली, बाबा आले, पाय धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवशी नेमकं डाळीत दोनदा मीठ पडलं होतं. बाबांनी पहिला घास घेतला, थोडे थांबले, म्हणाले, मीठ जास्त झालं. आणि सगळा भात जेवले. माय मला चुलीजवळ ओढून हळूच म्हणाली, "तुह्या बापाले ताप त नाही ना? हात लावून पाह्य बरं."

ताप नव्हता. त्यानंतर कधी ताट उडालं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की ध्यानानं आमचं वाटोळं केलं. तसं नाही. त्या वर्षभरात आमच्या घरात जेवढं सुख होतं तेवढं त्याआधी नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही. एसटीचा हॉर्न वाजला तरी कात्री चालूच राहायची. माय झिंग्यांची चटणी वाटता वाटता गुणगुणायला लागली. तिला गाणं येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर चार बोरे अंथरले जायचे, चौघांसाठी चार. बोरा म्हणजे रिकामं पोतं, धानाचा वास असलेलं. बाबा समोर, आम्ही तिघी रांगेत. माय पाच मिनिटांत डुलक्या घ्यायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे. बाबांचं शिकवणं चार वाक्यांचं होतं. नाकाशी श्वास पाहा, आला, गेला. खाजलं, दुखलं तर तिकडे पाहा. हात लावू नका. येते तसं जाते. मी तेरा वर्षांची होते आणि मला बसणं अजिबात जमायचं नाही. डास बसला की हात जायचा, पायाला मुंग्या आल्या की मी पाय बदलायचे. करू नऊ वर्षांची, पण बसली की बसली. गालावर डास फुगून तांबडा व्हायचा तरी हलायची नाही. डोळे उघडले की बाबा तिच्याकडे पाहायचे. तसं त्यांनी आमच्याकडे कधी पाहिलेलं नव्हतं.

शेजारची शेवंताकाकू ढिवरांची. नवरा तलावात जाळं टाकायचा, ती मासोळ्या विकायला आंगणोआंगणी फिरायची. टोपली डोक्यावर घेऊन ती आमच्या ओसरीपुढे थांबायची आणि मायला म्हणायची, "बाई, ह्या पोरीले माह्या नवऱ्यासंग पाठव तलावावर. हे असी बसली त बगळा बी लाजून उडून जाईन." माय हसायची. करू डोळे मिटूनच हसायची, तेवढीच तिची हालचाल.

मला तिचा राग यायचा. थोडा, पण यायचा. एकदा मी तिला विचारलं की तुला खाजत नाही का. ती म्हणाली, खाजते. मग हलत का नाहीस म्हटल्यावर तिनं उत्तर दिलं, ते मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी हालली त बाबा पयलेसारखे होतीन."

म्हणजे ती ध्यान करत नव्हती. ती घर धरून बसली होती. नोकरीत मी अशी पोरं खूप पाहिली आहेत. बाप दारू सोडतो तेव्हा घरातलं सगळ्यात लहान मूल सगळ्यात शहाणं होतं. आईबाप कौतुक करतात. मी त्या मुलाला बाजूला घेते आणि विचारते की तुला काय पाहिजे. बहुतेक वेळा त्याला प्रश्नच कळत नाही.

पौर्णिमेच्या दिवशी नववा नियम असायचा. बाबा रजा टाकायचे, आमची शाळा बुडायची, कात्रीही त्या दिवशी बंद. आठ नियम बाबा आणि माय पाळायचे, आम्हा मुलींना फक्त मौन होतं. पौष पौर्णिमेला मी ते मोडलं. शेळी ओसरीवर चढून भिजवलेली पानं खायला लागली आणि मी ओरडले. पूर्वीचे बाबा असते तर पाठीत धपाटा बसला असता. या बाबांनी डोळे मिटले, आणखी एक तास बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेवले नाहीत. मला म्हणाले, तुझी चूक नाही, माझं शिकवणं कमी पडलं. धपाटा मी संध्याकाळपर्यंत विसरले असते. हे मनात राहिलं. पुढच्या पौर्णिमेला काही झालं तरी तोंड उघडायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना आम्ही दोघी लाखोरीच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, शिरलो. धान कापून झालं की त्याच ओलीवर आमच्याकडे लाखोरी उगवते, माघात तिच्या कोवळ्या शेंगा भरतात. बांधी परक्याची होती. मायची सक्त ताकीद होती की कच्च्या शेंगा खायच्या नाहीत, कच्च्या लाखोरीनं पाय लुळे पडतात. आम्ही ओटीभरून खाल्ल्या. करूनं माझ्यापेक्षा जास्त.

सकाळी मी परसात भांडी घासत होते तेव्हा करू आली. तिनं उजवा हात पोटावर ठेवला होता आणि ती थोडी वाकून चालत होती. माझ्यासमोर उभी राहिली. पोटाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारत होती, सांगू का?

मला शेंगा आठवल्या. सांगितलं तर शेंगा निघतील, म्हणजे चोरी निघेल, आणि मौन मोडेल ते वेगळंच. बाबा पुन्हा उपाशी राहतील. मी राखेनं भरलेलं बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

तिनं मान हलवली. समजलं, अशी. आणि परत गेली.

थोड्या वेळानं ती गोठ्यामागे ओकली. मी त्यावर राख टाकली, वरून गोवऱ्यांचा चुरा टाकला. काम मी नीट केलं, माग राहिला नाही. दुपारच्या आत जेवण उरकायचं म्हणून मायनं लवकर वाढलं. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि पौर्णिमेची खीर. करूनं आपल्या वाटीतली खीर माझ्या वाटीत ओतली. मायनं भुवया उंचावल्या, करू हसली. माय पुढे झाली असती तर कपाळाला हात लावून पाहिलं असतं, पण तेवढ्यात बाबांनी डोळे मिटून अन्नाबद्दल मनोमन कृतज्ञता मानायला सुरुवात केली आणि आम्ही सगळ्यांनीच मिटले. खीर मी खाल्ली. चांगली झाली होती.

संध्याकाळी बोरे अंथरले. त्या दिवशी मी श्वास पाहिलाच नाही, डोळ्यांच्या फटीतून करूकडे पाहत होते. थंडीचे दिवस, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम. हनुवटीखालून घामाचा एक थेंब निघाला, गळ्यापर्यंत गेला. पाठ ताठ. हात मांडीवर. तोंडातून आवाज नाही. तासभर. बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. माणूस पिकलेल्या धानाकडे पाहतो तसं काहीतरी. तिनंही ते पाहिलं. मी त्या दोघांना पाहिलं. मायला झोप लागली होती.

सकाळी सूर्य वर आला आणि घरात पहिलं कोणी बोललं असेल तर ती करू.

"बाबा, काल लय दुखत होतं. पोटात. मी पाहत बसली, पाहत बसली. आता गेलं."

"गेलं?"

"पुरं गेलं. तुमी म्हणता तसंच."

बाबांनी तिला उचलून घेतलं. मोठी झाली होती ती, पाय लोंबत होते. बाबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शाळेत जायच्या आधी ते विहारात जाऊन सांगून आले, बसथांब्यावर सांगितलं, शेवंताकाकूलाही सांगितलं. माझ्या आठवणीतली त्यांची सगळ्यात सुखाची सकाळ ती होती. माझीही होती. मला वाटलं, सुटलो. शेंगाही लपल्या आणि मौनही टिकलं.

मी परिचारिका आहे. तीस वर्षं होत आली. अपेंडिक्स सुजतं तेव्हा दुखतं, आणि फुटतं तेव्हा दुखणं थांबतं. थोडा वेळ. मग विष पोटभर पसरतं. आई पोराला घेऊन येते आणि म्हणते, सिस्टर, कालपासून कळवळत होतं, आता एकदम थांबलं बघा, तेव्हा मी तिच्याबरोबर हसत नाही. मी आधी गाडीला फोन करते.

त्या दिवशी करू शाळेत गेली नाही. पेज प्यायली, बोऱ्यावर पडून राहिली, मायच्या कात्रीकडे पाहत होती. संध्याकाळपर्यंत अंग तापलं. दुसऱ्या दिवशी पोट फळीसारखं झालं, हात लावू देईना. बाबा तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी तिला पाहायला सांगितलं नाही, ते त्यांच्यावर अन्यायाचं होईल. त्यांनी काहीच सांगितलं नाही, फक्त तिचा पाय धरून बसले. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लाखांदूर. तिथल्या डॉक्टरांनी हात लावताक्षणी भंडाऱ्याला न्यायला सांगितलं आणि स्वतः धावपळ करून जीप मिळवून दिली. पवनीच्या अलीकडे करू गेली. मायच्या मांडीवर होती. माय नंतर म्हणाली की शेवटपर्यंत पोरीनं आवाज केला नाही.

विहारातली माणसं आली. वंदना झाली. सगळे म्हणाले, सगळं अनित्य आहे, सोडून द्यावं. बाबांनी मान हलवली. काही दिवसांनी माय कात्री चालवता चालवता, वर न पाहता बोलली.

"तुमच्या मौनानं माह्या पोरीले माय म्हणू नाही देलं."

बाबांनी बोरे गुंडाळून माळ्यावर टाकले. ताट उडेल की काय म्हणून मी घाबरून होते. ते उडालं नाही. ते वर्षभर बसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एसटीनं जायचे, एसटीनं यायचे.

पुढच्या माघ पौर्णिमेला त्यांनी बोरे खाली काढले, झटकले, तीन अंथरले. चौथा तिथेच घडी करून ठेवला. आम्ही बसलो. डोळे मिटायच्या आधी त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोणाले काही दुखते का?"

माय म्हणाली, "आता कायले विचारता?" ते तिच्याकडे पाहत थांबले. उत्तर मिळाल्याशिवाय ते डोळे मिटणार नाहीत हे कळल्यावर माय म्हणाली, "नाही." मग माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, "नाही."

तेव्हापासून नववा नियम बदलला. मौन गेलं, हा प्रश्न आला. प्रत्येक पौर्णिमेला, प्रत्येक बैठकीआधी. घरी कोणी पाहुणा असला तर त्यालाही विचारायचे. पाहुणे हसायचे, कोणी गुडघे म्हणायचं, कोणी दाढ. बाबा गुडघ्याचं सगळं ऐकून घ्यायचे, कधीपासून, चढताना की उतरताना, आणि मगच बसायचे. मी नर्सिंगला गेले, लग्न झालं, बदल्या झाल्या. पौर्णिमेला घरी असले की बोऱ्यावर बसायचे आणि प्रश्न आला की नाही म्हणायचे. सगळ्या आठ नियमांपैकी खोटं न बोलण्याचा मी दर खेपेला, डोळे मिटण्याच्या आधीच मोडलेला असायचा.

आम्हाला हल्ली ताण कमी करण्याच्या प्रशिक्षणाला पाठवतात. खुर्च्यांवर बसवतात, डोळे मिटायला लावतात, बाई गोड आवाजात सांगते की धरून ठेवलेलं सोडून द्या, आत आनंद आहे. मी हजेरीची सही करते आणि बसते. बाईचं चुकत नाही. पण सोडायची वस्तू आधी हातात घ्यावी लागते, आणि मी माझी कधी घेतलीच नव्हती. मी त्यावर राख टाकली होती.

माय सहा वर्षांपूर्वी गेली. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. मागच्या माघ पौर्णिमेला मी रजा टाकून दिघोरीला गेले. ओसरीला आता फरशी आहे, बोरे प्लास्टिकचे मिळतात म्हणून मी चटया आणल्या होत्या, पण त्यांनी जुनेच काढायला लावले. दोन अंथरले. तलावाकडून लाखोरीचा हिरवा वास येत होता. बाबांनी माझ्या दिशेनं पाहिलं आणि विचारलं, "कोणाले काही दुखते का?" ओसरीवर मी एकटीच होते, तरी प्रश्न तोच.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत माझ्याकडून हा शब्द पहिल्यांदा आला होता.

"कुठं?"

मी सांगितलं. आरोग्य केंद्रात एखाद्या रुग्णाची हकीकत सांगावी तसं, क्रमानं. शेंगा, परस, तिचा हात, माझं बोट. गोठ्यामागची राख. खीर. ‘मी हालली त बाबा पयलेसारखे होतीन’ असं ती म्हणाली होती तेही सांगितलं, ते सांगावं की नाही याचा विचार मी आधी बराच केला होता. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग मी थांबले. शेजारी शेवंताकाकूच्या सुनेचा कुकर वाजला, एकदा, दोनदा. बाबांचे हात मांडीवर तसेच होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "तिनं हात कुठं ठेवला होता?"

मला आधी प्रश्न कळला नाही. मग लक्षात आलं की त्यांना ते कधी कोणी सांगितलंच नव्हतं. पोटात दुखत होतं एवढंच त्यांना माहीत होतं. मी पुढे सरकले, त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांच्या सदऱ्यावरून, बेंबीच्या उजव्या बाजूला, थोडा खाली ठेवला.

"इथं?"

"हो. इथंच."

त्यांनी हात तिथेच राहू दिला आणि डोळे मिटले. तासभर ते हलले नाहीत. हात जागचा सुटला नाही. येते तसं जाते, असं ते या खेपेला म्हणाले नाहीत.

मी डोळे मिटले नाहीत. कोणीतरी पाहत बसायला हवं होतं.